तारा

खोक्यावरची किंमत अजून शिलिंगात.
आतला बाल्सा टोस्टसारखा ठिसूळ,
खालच्या पंखाची तिसरी फासळी
कसरीनं नकाशासकट खाल्लेली.

उरलेली घेऊन मिरज गाठली.
दस्तगीरभाईंनी अर्ध्या सतारीचा भोपळा बाजूला सारला,
फासळी नखानं वाजवून पाहिली.
“मुकी आहे.
पण तुम्हाला वाजवायची कुठंय?”
आणि नवी कापताना एवढंच,
“ओढू नका. लाकडाच्या कलानं घ्या.”

सात महिने.
पंखावर पंख, मधे तारांची ओढाताण,
वर रेशीम, वहिनीच्या ब्लाउजपिसाचं
(अजून विचारलेलं नाही).

कवलापूरच्या धावपट्टीवर
आता शेळ्याच उतरतात.
रविवारी, सकाळी साडेसहाला,
ते एकदा अडखळलं, दोनदा,
मग जमिनीचं त्याला काही उरलं नाही.

लिमलेटच्या गोळीएवढं झालं
तेव्हा इंजिन बंद केलं.
खाली यायला लागलं, गुणगुणत.

तारा!
माझे दोन्ही अंगठे रिमोटवर;
शेळ्यांमागच्या पोराला ओरडलो,
खिशातला फोन काढ, मिरज लाव, वर धर.

दस्तगीरभाई बराच वेळ गप्प.
मग म्हणाले,
“एक तार उतरलीय.
सांभाळून आणा.”