खाट चार, कॅमेरा चालू

तेल लावू नका, हे त्यांनी फोनवरच सांगितलं होतं.
दोनदा शाम्पू करून आले, कोरडे भुरभुरीत केस,
आणि पुढून बटणांचा गाऊन,
डोक्यावरून काढावं लागेल असं काही नको.

फाल्गुनीबेन टेप धरून कवटी मोजते,
ब्लाउजचं माप घ्यावं तशी,
लाल पेन्सिलीने खुणा करते.
"दुखशे नहीं, बेन. खाली ठंडु लागशे."
खूण खरवडायची, पेस्ट लावायची, तार चिकटवायची.
एकवीस तारा. पिवळ्या, हिरव्या, जांभळ्या,
मानेमागे एकत्र बांधून एका डबीत.
उत्तरायण होऊन आठवडा झाला,
खिडकीबाहेर खांबावर एक पतंग अजून लटकतोय.
म्हटलं, माझी फिरकी आता तुमच्याकडे.
ती हसली, आणि वरून पट्टी गुंडाळली.

तारांतून शॉक बसत नाही.
मी तीनदा विचारलं.
त्या फक्त ऐकतात.

तीन मिनिटं जोरजोरात श्वास,
ओठांना मुंग्या.
मग मिटल्या डोळ्यांवर दिव्याची फडफड.
काही झालं नाही.
गोळ्या निम्म्या केल्या, नंतर बंद.
रात्री दोनपर्यंत जागायचं.
रणजितच्या हातात बटण, येतेय असं वाटलं की दाबा.

नऊ वर्षं जी येऊ नये म्हणून
घड्याळ लावून गोळ्या घेतल्या,
पोहणं सोडलं, गच्चीच्या कठड्यापाशी गेले नाही,
तिची वाट बघत बसलोय आम्ही.
डबा घेऊन आलेली नणंद दारातूनच विचारते, "आली का?"
जणू सुरतेहून कुणी यायचंय आणि गाडी लेट आहे.

तिसऱ्या दिवशी पहाटे आली.
मला नेहमीइतकीच कळली:
जळक्या रबराचा वास,
आणि मग एकदम चावलेली जीभ, खाटेभोवती माणसं.

दुपारी डॉक्टर म्हणाले, बघायचंय?
सगळ्यांनी पाहिलंय मला तशी.
ऑफिसातल्यांनी, बसस्टॉपवरच्या अनोळखी लोकांनी,
माझ्या सात वर्षांच्या मुलाने.
मीच राहिले होते.

पडद्याच्या एका बाजूला रेघा.
डाव्या कानाच्या वर कुठेतरी थरथर उठते,
पसरत जाते, सगळं गिचमिड काळं.
"इथून सुरू होते," पेनाने दाखवत होते.
मी तिकडे बघत नव्हते.
दुसऱ्या बाजूला खाट, खाटेवर कुणी बाई,
रणजित बटण दाबतो, तिला कुशीवर वळवतो,
मनगटावरचं घड्याळ बघतो,
आणि वाकून सारखा काहीतरी बोलतो.
आवाज वाढवा, म्हटलं.

"बंद आहे गं. गॅस बंद आहे. मी केलाय बंद."
एक मिनिट चाळीस सेकंद, हेच.

पहिली आली तेव्हा मी ओट्यापाशी होते, दूध तापत होतं.
तेव्हापासून शुद्धीवर येताना हेच विचारते म्हणे मी.
मला वाटायचं, तो उत्तर नंतर देतो.

घरी, दांडिया बाजारात,
गरम पाण्याने तीनदा धुतले
तरी केसांच्या मुळांशी पेस्टचे कण, वाळक्या कणकेसारखे.
नखाने काढत बसले, तेलाची बाटली जवळ.
रिपोर्ट बुधवारी.
"गॅस बंद केलास?" मी उगाचच विचारलं.
आतून आवाज आला,
"अगं, आत्ताच तर चहा ठेवलाय."