दगडाची भट्टी

पसरणीच्या घाटात एसटीभर वास सुटला.
शेजारची बाई म्हणाली, औषधी आहे का काही?
हो म्हणालो.
ओल्या वर्तमानपत्रात रोझमेरी, मूठभर थाईम,
पाचगणीच्या हॉटेलमागच्या वाफ्यातली.
कशावर चोळणार, ते तिनं विचारलं नाही.

पाचवडच्या पुढं, खाणीलगत आमची वस्ती.
हॉटेलात ह्याच डुकराला
साडेआठशे रुपये आणि पांढरा रुमाल.
इथं दुर्गप्पाकाकाला फोन लावतानाही आवाज आपोआप खाली येतो:
आज कापलंय का?

आईनं पाला चुरगाळून हुंगला.
'कापराच्या भावकीतला दिसतोय.'
आणि पाट्यावरची लसूण-मिरची मुकाट माझ्याकडं सरकवली.
नको म्हणायची छाती झाली नाही.
दोन्ही चोळलं.

ओव्हन कुठला?
अण्णा उठले.
सुरुंगानं डावा कान गेलेला, उजव्यावर भागवतात.
खाणीच्या कडेला एकेक दगड हातोडीनं वाजवत गेले.
'ह्यो नगं, ह्याच्या पोटात पाणी हाय. तापला की फुटंल.'
'ह्यो चालंल.'
'ह्यो बी नगं.'
तीन बाजू, वर फरशी, तोंडाला पत्रा.
दगड फोडताना त्यांना जन्मभर बघितलं,
रचताना आजच.

कातडीवर सुरीनं चौकटी, चौकटींत खडेमीठ.
बाभळीचे निखारे मागं सारले,
मोबाईलवर अडीच तास लावले.
यंकूची पोरं कानासाठी आधीच भांडलेली,
हा पोटाचा तुकडा, ह्यात कान नसतो म्हटल्यावर
माझ्यावरच रुसली.

दोन तास झाले असतील.
अण्णांनी पत्र्याजवळ उजवा कान नेला.
'काढ.'
अजून अर्धा तास आहे, अण्णा.
'काढ म्हनतो नव्हं.'

काढलं.
कातडी पापडासारखी मोडली, आतलं मऊ, पाणीदार.
सगळे गप्प. मग आई:
'ब्येस झालंय. पर रस्सा कुठाय?'
रस्सा नव्हता.
हॉटेलात कुणी मागत नाही.
तिनं परातीतली चरबी पातेल्यात ओतली,
तिखट, पाणी, एक उकळी,
आणि भाकरी कुस्करून सगळं घर तिकडं वळलं.
मीही.
धाकटी भीमा रोझमेरीच्या काडीनं दात कोरत होती.

तेव्हा मोबाईल वाजला.
पोरं दचकली. अण्णा तेवढे जेवत राहिले.
बंद करायला गेलो
तर बोटं चरबीनं माखलेली,
काच काही केल्या ऐकेना.