चोवीस जूननंतर

चोवीस जूनला सुरी धुऊन ठेवायची,
हा आमच्या लिम्बुर्खचा नियम.
त्यानंतर एकही कोंब कापायचा नाही;
अ‍ॅस्परॅगसलाही थोडं स्वतःसाठी वाढायचं असतं.

त्याच संध्याकाळी बोगुमिलाची बस सुटते.
अकरा वर्षं ती एप्रिलात येते, पोलंडहून,
दिवसभर वाळूच्या वरंब्यांवर वाकते,
पांढरे कोंब किलोवर मोजून देते
आणि माझ्या मागच्या खोलीत झोपते.
भाडं वेळेवर. बोलणं बेतानं.

माझ्या परसात सहा हातांचा वाफा,
हेन्ड्रिनाआत्यानं लावलेला.
त्यावर किडे यायचे, लाल-काळे, ठिपक्यांचे,
मी एकेक वेचून साबणाच्या पाण्यात टाकायचे.
दुसऱ्या वर्षी, मे महिन्यात, तिनं न विचारताच
कोंबांच्या मधोमध टोमॅटोची रोपं खोचली.
"याचा वास त्यांना सोसत नाही," म्हणाली,
"आणि याच्या मुळांना तो जपतो,
खाली, अंधारात."
कडेचा लसूण मात्र उपटून
पार कुंपणापाशी नेला. या दोघांचं पटत नाही म्हणे.
मी चिडले होते. लसूण माझा होता.

किडे कमी झाले. अगदीच गेले असं नाही.
टोमॅटो पिकायचे ऑगस्टात,
तेव्हा ती तिकडे, बटाट्यांत नाहीतर नातवंडांत.
मी बरण्या भरायचे. एक एप्रिलपर्यंत राखायचे.
ती पावाला लावून खायची
आणि म्हणायची, मीठ जास्त.

यंदा ती ऑगस्टात आली.
पाठीच्या दुखण्याचे कागद, विम्याची सही.
बॅग खाली न ठेवताच मागच्या दारी गेली
आणि थबकली.
"हे काय लावलंस?"

तिच्या डोक्याहून उंच हिरवा धूर,
केसांहून बारीक, वारा नसतानाही हलणारा,
आत मण्यांएवढी फळं, नुकती लाल होऊ लागलेली.
अकरा वर्षं जे ती मातीच्या ओठांशीच कापत आली
ते न कापलं तर काय होतं
हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

मी काही सांगितलं नाही.
तीच खाली बसली, पाठ धरून,
बुंध्याशी माती उकरली,
बोटांना जूनमधला वाळका खुंट लागला.
दोन शब्द बोलली, तिच्या भाषेत,
मला नव्हे.

मग एक टोमॅटो तोडला,
उन्हानं कोमट झालेला,
शर्टाला पुसून तिथंच चावला,
रस कोपरापर्यंत.

मी मीठ आणायला वळले.
नको, म्हणाली.