नावाडी चौथ्या भागात हसत नाही

मूळ नाव इंग्रजी, तोंडात न मावणारं.
आम्ही त्याला काजळगड म्हणायचो.
चार भाग, एकशे बारा दारं,
आणि प्रत्येक भागात तोच एक नावाडी,
नाणं घेतो, पलीकडे सोडतो,
बाकी कशात पडत नाही.

नजीरनं पहिल्यांदा सांगितलं,
मिरजेत, त्यांच्या कारखान्याच्या माळ्यावर.
आढ्याला भोपळे टांगलेले,
खाली अब्बा सतारीची जवारी घासत बसलेले.
चौथ्या भागातलं तळं म्हणजे
पहिल्या भागातलं गाव.
"कशावरून?"
"नावाडी हसत नाही, बघ की."

शीतल चौगुले म्हणाला, लका, चित्रं काढणारा बदलला असंल.
शीतलचं सगळं असंच. त्याच्या मते
राजाला डोळे नाहीत, कारण डोळे हलवायला पैसे पडतात.

पण मग मी होडीच्या फळ्या मोजल्या.
नऊ, आठ, आठ, सहा.
कॉस्टिंगच्या वहीत मागच्या पानांवर लिहिल्या.
पत्र्याचा कोंबडा सापडला,
पहिल्या भागात पाववाल्याच्या छपरावर वारा दाखवणारा,
चौथ्यात पाण्याबाहेर
एक लाल ठिपका, मुंगीएवढा.
आणि काठावरच्या घरांना
छातीएवढ्या उंचीवर मातकट रेघ,
खाली एक रंग, वर एक.

ती बघून मी स्क्रीनला हात लावला.
सांगलीत, आमच्या गल्लीत, ती रेघ
पिठाच्या गिरणीला आहे, दवाखान्याला आहे,
रंग दिला तरी दर पावसाळ्यात परत उमटते.
मी म्हटलं, हे ज्यानं काढलंय
त्यानं कधीतरी खराट्यानं घर धुतलंय.
शीतल त्या वेळी काही बोलला नाही.
त्याच्या घरची रेघ माझ्या डोक्यावरून जाते.

राहिली घंटा.
खेळातल्या रात्री तीन वाजता
तळ्याच्या मधोमध होडी थांबवली
तर खालून वाजते. एकदाच.
पहिल्या भागातल्या देवळाची ती हीच का,
यावर आम्ही दोन उन्हाळे भांडलो.
शेवटी नजीर अब्बांना वर घेऊन आला.
अब्बांना खेळ म्हणजे कॅरम.
त्यांनी टोपी काढून हेडफोन घातला,
कानस हातातच राहिली,
दोन्ही घंटा तीन तीनदा ऐकल्या.
"एकच आहे. पयली कोरडी, ही वली."
"म्हणजे सूर उतरला?"
"सूर कशाला उतरतोय. अंगावर वझं आलंय तिच्या."
जिना उतरता उतरता थांबले.
"पन खाली वाजवतंय कोन?"

चार वर्षं, तीन वह्या,
हे आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं.

पाचवा भाग दिवाळीत आला.
त्यात नावाडी नाही, पूल आहे.
करणाऱ्यांनी सांगूनही टाकलं,
घंटा चुकून राहिली, जुनी फाइल पुसायची विसरली.
शीतलनं रात्री दोनला ते मला पाठवलं,
खाली हसणारी पाच तोंडं.
मग वीस मिनिटांनी एकच ओळ:
'तरी पण रेघेचं काय?'

आता नजीर स्वतः जवारीला बसतो,
अब्बा फक्त ऐकून मान हलवतात, आडवी.
मी विश्रामबागेत लोकांचे जीएसटी भरते.
वहीत शेवटी लिहिलंय 'खाली कोण?'
आणि पुढची पानं कोरी, त्यातल्या दोनांवर
दूधवाल्याचा हिशेब.

परवा वीज आली तेव्हा उशीर झाला होता,
झोप नव्हती, चौथा भाग लावला.
होडी मधोमध नेऊन थांबवली.
तीन वाजायच्या जरा आधी
नावाड्यानं वल्हं आडवं ठेवलं, आवाज न करता,
आणि मान कलती केली,
डावा कान पाण्याकडे.
हे पूर्वी करायचा का तो? आठवत नाही.

दोघांना अजून सांगितलेलं नाही.
आधी फळ्या परत मोजून घेते.