काचेवरचा चुना

पोर्तोहून आलेला सल्लागार म्हणाला,
तरुण मुलं इथं टिकत नाहीत कारण भिंती करड्या आहेत.
म्हणून भिंती पिवळ्या झाल्या.
सार्डिन डब्यात भरायच्या कारखान्यात
पिवळा रंग किती दिवस पिवळा राहतो,
हे त्याला सांगायचं कुणी?
एतेल्विना म्हणाली, जाऊ दे गं,
पैसे घेतलेत, काहीतरी बोलायला हवंच त्याला.

मग टेबल टेनिसचं टेबल आलं.
ते अजून आहे, जिन्याखाली.
त्यावर आम्ही धुतलेले एप्रन वाळत घालतो.
जाळीला चिमटे छान बसतात.

माझी इथली चौतीस वर्षं.
एका झटक्यात डोकं, दुसऱ्यात आतडं,
पाच मासे एका डब्यात, पोटं वर.
आकडा आधी बोटांना कळतो, मला मागाहून.
आमच्यातली सगळ्यात लहान झुल्मिरा, तिला आम्ही 'पोर' म्हणतो,
ती परवाच चष्म्याचा नंबर वाढवून आली.

फाटकावर पाटी लागली: 'आम्ही एक कुटुंब आहोत.'
ती वाचून टेल्मो नावाचा मुलगा आला, दोन दिवस राहिला.
जाताना म्हणाला, एक आहे घरी, तेवढं पुरे.
मला त्याचा राग आला नाही.

माफाल्डा आली ती जूनमध्ये.
वीस वर्षांची, कानांत सात बाळ्या.
सातही काढून मुकाट्यानं साबणाच्या डबीत ठेवल्या.
पहिले दोन दिवस काही बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी म्हणाली,
या काचा पांढऱ्या का?

आम्ही सगळ्यांनी तिकडे पाहिलं.
खरं सांगते,
तिथं खिडकी आहे हेच मी विसरले होते.

लिओनिल्डला ठाऊक होतं.
आत्ताच्या मालकाच्या बापानं चुना फासला, ती म्हणाली.
बोटी परत येताना दिसायच्या,
बायका मान वर करून आपापली बोट शोधायच्या,
तेवढ्यात डबे कमी भरायचे.
किती कमी?
माफाल्डानं अगदी साधेपणानं विचारलं.
ते कुणी मोजलं नव्हतं.

तरुणांसाठी काय करता येईल, याची चौथी बैठक.
कॉफीच्या नव्या यंत्राचं चित्र हातोहात फिरलं.
माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, काच.
मालक म्हणाला, काचेच्या बरण्या? महाग पडतात.
खिडकीची, मी म्हटलं.
तो नाही म्हणाला नाही.
हो पण म्हणाला नाही.

दुपारच्या सुट्टीत माफाल्डा
माशाच्या सुरीनं चुना खरवडत होती.
असं नाही गं, आधी भिजव, म्हणत
एतेल्विना व्हिनेगरची बाटली घेऊन आली.
झुल्मिरानं जुना एप्रन फाडला.
चाळीस वर्षांचा चुना दूध नासावा तसा
फुटत, ओघळत खाली आला.

ताटलीएवढी काच मोकळी झाली.
तिच्यातून दिसला सुपरमार्केटचा वाहनतळ,
एकावर एक रचलेले निळे कंटेनर,
आणि दोन कंटेनरांच्या फटीत
बोटभर पाणी.

आम्ही हसत सुटलो. माफाल्डा सगळ्यात जास्त.
लिओनिल्ड मात्र हसली नाही,
भोंगा होईपर्यंत त्या फटीशी उभी राहिली.
काय बघितलंस, कुणी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात सल्लागार परत आला,
कागदावर 'नैसर्गिक प्रकाश' असं लिहून
त्याखाली दोन रेघा मारून गेला.
माफाल्डाचा करार सप्टेंबरपर्यंत आहे.
पुढचं तिलाच ठाऊक नाही, मला कुठून असणार?
पण आता हात खाली चालतात
आणि माना अधूनमधून वर होतात,
साठीतल्यासुद्धा.

डबे मोजायचं काम माझं.
शुक्रवारी मोजले. अकरा कमी.
वहीवर पेन्सिल थोडा वेळ तशीच थांबली.
मग मी लिहिलं,
मासे लहान होते.