पान एकशे बारापर्यंत

कादंबरी अजून अर्धीच झालीय,
तरी सांगून टाकते : नायक मला आवडलेला नाही.
सदतीस पानं झाली, गॅलरीत उभा आहे नुसता.
तेवढ्या वेळात सातपूरला आमच्या लाइनवर
चारशे स्विच पॅक होतात.

बायको मात्र खरी आहे.
दूध उतू गेल्यावर ती आधी ओटा पुसते,
मग रडते.
हे ज्याने लिहिलं त्याने
कधीतरी फडकं पिळलंय.

पपया नर्सरीला बस थांबते.
सुगंधाताई चढतात, डबा मांडीवर घेतात.
चष्मा दिवाळीत फुटलाय त्यांचा,
म्हणून मला विचारतात, "गेला का गं तो?"

एकशे बाराव्या पानावर खरंच गेला.
चिठ्ठी नाही, काही नाही.
पुढे तीन पानं नुसतं धुकं.
मी वैतागून पुस्तक पिशवीत कोंबलं,
मेथीच्या जुडीखाली.

आणि सकाळी सांगितलं,
नाही गेला. सीबीएसवरून परत फिरला.
येताना द्राक्षं आणली.

"आंबट असणार," त्या म्हणाल्या,
"डिसेंबरात गोड कुठली?"

तेव्हापासून दोन कादंबऱ्या चालू आहेत.
एकीत बायको शिवणाच्या क्लासला जाते,
मस्त चाललंय तिचं.
दुसरीत तो रोज सातला घरी हजर,
आणि मला कळत नाहीये
त्याचं काय करायचं.

पुस्तक शुक्रवारी परत द्यायचंय.
आज उतरता उतरता सुगंधाताई म्हणाल्या,
"पण गॅलरीतून तो बघायचा तरी काय?"

हे मी पाहिलंच नव्हतं.
पुन्हा पहिल्या पानावर आलेय.