दर दहा मिनिटांनी

केतकी मॅडमनी मला घड्याळ दिलं
आणि रेघा मारलेली वही.
म्हणाल्या, लिलके, दर दहा मिनिटांनी मान वर करायची
आणि लिहायचं: कोण, कुठं,
शेजारी कोण, किती मीटरवर.
का बसलंय ते लिहायचं नाही.
का ते आपल्याला दिसत नाही.

आधी काठ्या रोवून रोवून डोळा बसवला.
मग अंजनेरीच्या वरच्या पठारावर,
तळ्याच्या अलीकडं, वाळकी कारवी खडखडते तिथं
अठ्ठावीस माकडं.
डोक्यावर मधोमध भांग,
एकाच आईनं तेल चोपडून शाळेला धाडल्यासारखी.

मला वाटायचं, माकडं म्हणजे नुसता गलका.
आठव्या दिवशी वहीत गाव दिसायला लागलं.

उंबराच्या बुंध्याशी, ऊन आधी पोचतं तिथं,
ती.
मी पाटलीण लिहायचो,
मॅडम खोडून 'मादी ३' करायच्या.
तिच्या लेकी तिच्या हाताच्या अंतरात,
लेकींची पोरं लेकींच्या पोटाला.
मग दोन-तीन मीटर मोकळी जागा,
कुणी आखलेली नाही, कुणी ओलांडतही नाही.
मग बाकीच्या बाया.
आणि पार कड्याच्या धारेवर
नुकते वयात आलेले चार दांडगट,
पाठ कळपाकडं, तोंड दरीकडं.
बिबट्या आला तर आधी त्यांना दिसणार.
आधी त्यांनाच नेणार.
त्या जागेचं भाडंच तेवढं.

'मादी ११' चा उजवा कान फाटलेला.
मनातल्या मनात मी तिला खांडकानी म्हणतो.
मार्गशीर्ष लागला तेव्हा ती पाटलिणीपासून दीड मीटर,
पान चौदा.
मग एकदा पाटलिणीच्या थोरल्या लेकीनं
तिच्याकडं नुसतं बघितलं.
भुवया वर. दात नाहीत, आवाज नाही.
पान सतरा: चार मीटर.
पान बावीस: नऊ.
कुणी मारलं नाही, कुणी हाकललं नाही.
मारलं असतं तर त्याला रकाना होता, 'भांडण'.
तो कोराच राहिला.

त्याच पंधरवड्यात थोरल्या भावाच्या पोरीची
सुपारी फुटली.
घरात तीस ताटं.
जेवताना माझी मान आपोआप वर झाली,
दहा मिनिटं झाली असावीत.
पाहुणे भिंतीच्या कडेनं, भाऊ मधोमध,
वाढणाऱ्या सुना चुलीपासून त्याच्यापर्यंत
ये-जा करून वाट पाडत होत्या.
भिमाआत्या उंबऱ्याच्या पलीकडं,
ताट मांडीवर.
हिनं मला पाठुंगळी मारून
पहिन्यापर्यंत नेलं होतं, ताप उतरेना तेव्हा.
ती चुलीपाशी बसायची.
कधी सरकली?
कुठल्या साली, कुणाच्या बघण्यानं?
घरात कुणी वही ठेवली नव्हती.
म्हटलं, आत ये की.
म्हणाली, इथं वारा बरा लागतो.
पौषातला वारा.

तीनच दिवसांनी पारा एवढा उतरला
की खाली नाशिकच्या अंगाला
द्राक्षवाल्यांनी पहाटे बागांत शेकोट्या पेटवल्या.
वरून धूर दिसत होता, आडवा, जमिनीला धरून.
उंबराखाली माकडांचा एकच गोळा,
शेपट्या कुणाच्या, डोकी कुणाची, मोजताना चुकत होतो.
तीनदा मोजली. सव्वीस.

सत्ताविसावी खांडकानी.
अकरा मीटरवर, खडकाच्या आडोशाला.
आणि तिला लागून
धारेवरचा एक दांडगट, नात्याचा ना गोत्याचा,
आदल्या महिन्यात वहीत दोघं
एका पानावर कधी आले नव्हते.
मी वेळ लिहिली. सहा पन्नास.
शेजारी कोण, ते लिहिलं.
अंतर: शून्य.
पुढं लिहायला पेन टेकवलं होतं,
उचललं.

मॅडमनी संध्याकाळी वही चाळली.
शून्य? लिलके, नक्की?
म्हटलं, उजाडल्यावर ऊन त्यांच्या मधे शिरायला बघत होतं.
जागा नव्हती.